दुबळं पिल्लू वेगळं काढावं की कोंबडीखालीच ठेवावं?

मखमलाबादची_सूनबाई
आमची गावरान कोंबडी खुडूक झाली तशी सासूबाईंनी खाली ११ अंडी ठेवली. परवा २१ दिवस भरले, आठ पिल्लं फटाफट निघाली, नववं काल दुपारी निघालं आणि दोन अंडी वाया गेली. आता हे नववं उभंच राहत नाही हो, दोन्ही पाय बाजूला फाकतात, बाकीची आठ त्याच्या अंगावरून पळतात आणि एकाने तर बोटाला टोच मारून रक्त काढलं. मी उचलून बुटाच्या खोक्यात ठेवलं, खाली पेपर, वर टेबल लॅम्प. सासूबाई म्हणतात परत कोंबडीखाली घाल, एकटं ठेवलंस तर जाईल ते. रात्रभर चिवचिव करून त्याने कुणाला झोपू दिलं नाही ते वेगळंच. पण माझं म्हणणं दुबळं असेल ते लगेच वेगळं काढायलाच पाहिजे, नाहीतर भावंडंच मारतात. काय वाटतं?

पेठचा_नाना
सासूबाईंचं ऐका. कोंबडीचं अंग ४१ अंशाच्या आसपास गरम असतं, ती ऊब तुमच्या खोक्यात कुठून येणार? आणि चार-पाच दिवस एकटं ठेवलं की आई त्याला ओळखत नाही, परत सोडलं की तीच टोचून हाकलते. आमच्या अंगणात हे दोनदा झालंय, दुसऱ्या वेळी तर पिल्लाचं डोकं सोललं होतं तिने.

दिंडोरी_शेडवाला
दोघंही भावनेत वाहताय. माझी पाच हजारांची बॅच असते, पहिल्या दिवशी लंगडं, नाळ ओली, पोट फुगलेलं असं जे दिसेल ते बाजूला. दुबळं पिल्लू म्हणजे कधीकधी आजारच असतो, पुलोरम तर अंड्यातूनच येतो, पांढरी हगवण लागली की शेजारचीही जातात. एकासाठी आठ घालवू नका, एवढंच.

मखमलाबादची_सूनबाई
दादा तुमचे पाच हजार आणि माझी नऊ, हिशोब एक कसा असेल? मागून स्वच्छ आहे, हगवण बिगवण काही नाही, डोळे टकटकीत आहेत, फक्त पाय. आणि मी काय शेड चालवत नाही.

आडगावचा_पक्षीवेडा
ताई आधी एक सांगा, लॅम्पमध्ये बल्ब कुठला आहे? एलईडी असेल तर तो नुसता उजेड, ऊब शून्य. डिसेंबरात आपल्याकडे रात्री काय गारठा असतो, निफाडवाल्यांना विचारा. पहिल्या आठवड्यात पिल्लाला ३२ ते ३५ अंश लागतं. रात्रभर ओरडलं म्हणजे गारठलेलं होतं ते.

दुसरं, पेपर काढा. गुळगुळीत पेपरवर पाय आणखी फाकतात, खाली गोणपाट टाका. चिकटपट्टीची बारीक पट्टी घेऊन दोन्ही पाय एकमेकांना असे बांधा की मधे बोटभर जागा राहील, पाय सरळ खाली येतील पण पाऊल टाकता येईल. फार आवळू नका, रोज सोडून बघा. पहिल्या दोन-तीन दिवसांतच जमतं हे, नंतर हाडं घट्ट होतात. आणि रक्त सुकल्याशिवाय भावंडांत सोडू नका, लाल दिसलं की कोंबडीची जात टोचणारच.

मखमलाबादची_सूनबाई
एलईडीच आहे 🤦‍♀️ नऊ वॅटचा. सासूबाई शेजारी बसून हसतायत. काल चमच्याने साखरपाणी पण पाजत होते, ते तरी बरोबर ना?

पेठचा_नाना
चमच्याने नको गं बाई, श्वासात जाईल. चोच टेकव पाण्याला, पितं आपोआप. अंड्यातला बलक पोटात घेऊनच बाहेर येतं ते, दोन दिवस काही खाल्लं नाही तरी मरत नाही. आणि एक विचारायचं राहिलं, अकराही अंडी एकाच दिवशी ठेवली होती का?

मखमलाबादची_सूनबाई
आत्ता विचारलं. नऊ पहिल्या दिवशी, दोन दुसऱ्या दिवशी दुपारी, शेजारणीने आणून दिली म्हणून 😐

पेठचा_नाना
मग उशिरा कुठे आलं, वेळेवरच आलं ते. आठ जणं आधी आली आणि पळायला लागली एवढंच. म्हणून म्हणतो सगळी अंडी एकदम ठेवावी, नाहीतर आधीची पिल्लं घेऊन कोंबडी उठते आणि मागची तशीच गार पडतात. तुमचं नशीब की ती बसून राहिली.

दिंडोरी_शेडवाला
पट्टी लावून चालेल, मान्य. पण पुढे त्याचीच अंडी उबवायला ठेवाल, मग बोलू.

आडगावचा_पक्षीवेडा
घसरून फाकलेले पाय वंशात जातात होय? काहीही. नाना, तुमचंही अर्धंच पटतंय, डालग्यात आठ दांडग्यांमध्ये याला दाणा मिळणार कसा? मधे जाळी लावा ताई, अलीकडे हे आणि सोबत भावंडांतलं एक गरीब पिल्लू, पलीकडे आई. दिसते, आवाज येतो, ओळख राहते. एकटं ठेवलं की ओरडूनच थकतं.

मखमलाबादची_सूनबाई
तिसऱ्या दिवसाचं सांगते. आंब्याच्या जाळीदार क्रेटचा तुकडा कापून आडवा लावला, गोणपाट टाकलं, जुना साठ वॅटचा पिवळा बल्ब माळ्यावर सापडला. पट्टी काल सोडली, डावा पाय सरळ झालाय, उजवा अजून थोडा ओढतो. तांदळाची कणी स्वतः टिपतं. रात्री सगळी झोपली की सासूबाई अंधारात हळूच कोंबडीच्या पंखाखाली सरकवतात आणि पहाटे मी काढून घेते. त्या म्हणतात त्यांचं खरं झालं, मी म्हणते माझं.

दिंडोरी_शेडवाला
दोन महिन्यांनी फोटो टाका. कोंबडा निघाला तर भाव सांगा.

मखमलाबादची_सूनबाई
विकायचा नाहीये.