तो तिघींचा जुना फोटो: आनंदीबाई आणि त्या दोघी खरंच मैत्रिणी होत्या का?

चकलीचं_पीठ

मंडळी एक मदत हवीये. लेकीच्या शाळेत 8 मार्चला नाटुकलं बसवतायत, विषय पहिल्या बायका डॉक्टर. बाईंनी तो फेमस फोटो घेतलाय, व्हॉट्सॅपवर दर वर्षी फिरतो तोच, डावीकडे साडीतली आनंदीबाई जोशी, मधे किमोनोतली जपानी बाई, उजवीकडे भरपूर नाणी-दागिने घातलेली सीरियाची बाई. स्क्रिप्टमधे शेवटचा सीन असा आहे की तिघी जिवाभावाच्या मैत्रिणी एकाच दिवशी स्टेजवर जाऊन डिग्री घेतात, मग गळ्यात गळे, मग टाळ्या. लेक आनंदी झालीये (म्हणजे रोल मिळालाय हो). पण ती घरी आल्यापासून विचारतेय की आई त्या एकमेकींशी बोलायच्या कशात, भांडायच्या का, डबा शेअर करायच्या का, आणि मला एकाचंही उत्तर येत नाही. मैत्री होती असं कुठे आहे का की आपण फोटो बघून ठरवलंय?

जुनीपुराणी

फोटो अस्सल आहे पण डिग्रीचा नाहीये. तारीख आहे 10 ऑक्टोबर 1885, फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजात डीनबाईंनी दिलेल्या रिसेप्शनच्या दिवशीचा. फोटोखाली तिघींच्या नावाआधी डॉ. छापलंय म्हणून सगळा घोळ, त्या दिवशी तिघीही विद्यार्थिनीच होत्या. आनंदीबाई पास झाल्या 11 मार्च 1886 ला, जपानची केई ओकामी 1889 ला आणि दमास्कसची साबात इस्लामबुली 1890 ला. म्हणजे तिसरीला डिग्री मिळाली तेव्हा पहिलीला जाऊन तीन वर्षं झाली होती, आनंदीबाई 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात गेल्या. त्यामुळे एका स्टेजवर तिघी, हे काही होत नाही.

मैत्रीबद्दल म्हणाल तर एका कॉलेजात परदेशातून आलेल्या इतक्या कमी जणी, तर बोलणं-बसणं असणारच, त्यात काय. पण जिवाभावाच्या वगैरे म्हणायला त्या फोटोपलीकडे हातात काही नाही. आणि फोटो कोणी काढवला ते पण बघा. कॉलेजला दाखवायचं होतं की बघा आमच्याकडे कुठून कुठून मुली येतात, म्हणून तिघींना आपापल्या देशाच्या पोशाखात ओळीने बसवलंय. आनंदीबाई तशाही रोज साडीतच वावरायच्या, त्यांना वेगळं नटायची गरज नव्हती 😄

कल्याण_स्लो

आमच्या कल्याणची पोरगी आहे ती, जरा मान ठेवून बोला 😀

विनोद सोडा पण जुनीपुराणींच्या वर मी एक जोडतो. केई ओकामी ज्या 1889 च्या बॅचला पास झाली त्याच बॅचला सुझन ला फ्लेश होती, ओमाहा जमातीची, अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधली पहिली डॉक्टर बाई. ती कॉलेजात आली 1886 च्या ऑक्टोबरात आणि त्याच महिन्यात आनंदीबाई न्यूयॉर्कहून बोटीत बसल्या. म्हणजे जपानवालीची खरी क्लासमेट ही, पण दोघींचा एकत्र फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही कारण आपली त्यात नाही ना.

ओकामीचं पुढचं पण भारी आहे. टोकियोत जिकेई हॉस्पिटलात लागली, तिथे सम्राट मेजी आले असताना बाई डॉक्टर म्हणून तिला पुढे येऊ दिलं नाही असं सांगतात, तिने ते हॉस्पिटल सोडलं आणि घरीच दवाखाना काढला. ती 1941 पर्यंत जगली. आनंदीबाईंना बावीसही पूर्ण करता आली नाहीत. विचार केला की कसंतरी होतं.

ओपीडीतून

नाइट संपवून लिहितेय, चुका सांभाळून घ्या. मला वाटतं स्क्रिप्टवाल्या बाई मैत्री शोधतायत ते बरोबर, फक्त चुकीच्या खुर्च्यांकडे बघतायत. आनंदीबाईंच्या पदवीदानाला त्यांच्या बाजूने कोण आलं होतं बघा ना. पंडिता रमाबाई. त्या तेव्हा इंग्लंडात चेल्टनहॅमला लेडीज कॉलेजात शिकवत होत्या, डीन रेचल बॉडली यांनी बोलावलं म्हणून छोट्या लेकीला, मनोरमेला घेऊन अटलांटिक ओलांडून आल्या. आता हे 1886 आहे, विमान नाही काही नाही, आणि त्याहून मोठं म्हणजे रमाबाईंनी तीन वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतलेला, इकडे पुण्यात त्यांच्या नावाने शिमगा चाललेला. आणि आनंदीबाई निघायच्या आधी श्रीरामपूरच्या (बंगालातलं हो, नगरचं नव्हे) कॉलेजात भर सभेत सांगून आलेल्या की हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येईन. धर्माच्या बाबतीत दोघी अशा दोन टोकांना, तरी एक दुसरीच्या डिग्रीला बोटीने येते. मला विचाराल तर सीन इथे आहे.

आणि वय बघा. 31 मार्च 1865 चा जन्म, म्हणजे डिग्री घेताना एकविसाव्या वाढदिवसाला वीस दिवस बाकी. मी त्या वयात अ‍ॅनाटॉमीच्या व्हायव्हाला रडत होते. तिचा प्रबंध होता आर्य हिंदूंमधल्या प्रसूतिशास्त्रावर. चौदाव्या वर्षी बाळंत झाली, बाळ दहाच दिवसांत गेलं, आणि मग हा विषय निवडते. प्रबंध निबंधाला कसा विषय घ्यायचा हे आमच्या गाइडला कळलं असतं तर...

न्यूजर्सीचा_बाळू

एक नाव राहतंय सगळ्यांचं. कार्पेंटरबाई! थिओडिशिया कार्पेंटर, रोझेलच्या, म्हणजे माझ्या घरापासून गाडीने अर्धा तास. दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या होत्या, समोर पडलेलं मिशनरी मासिक चाळलं तर त्यात गोपाळरावांचं पत्र, बायकोला शिकवायचंय म्हणून लिहिलेलं, आणि खाली संपादकाचा धर्म बदला तर बघू असा सूर. बाईंना ते खटकलं आणि त्यांनी 1880 मधे थेट पत्र टाकलं. तीन वर्षं नुसती पत्रं. जून 1883 ला आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या त्या ह्यांच्या घरी, कॉलेज सुरू होईपर्यंत मुक्काम तिथेच. त्यांना मावशी म्हणायच्या. वयाने आईसारख्या म्हणून मैत्रीण म्हणायचं नाही असं असेल तर असो पण मला तर हीच सगळ्यात घट्ट मैत्री वाटते, कारण ती डिग्रीच्या दिवसावर थांबली नाही. आनंदीबाई गेल्यावर गोपाळरावांनी अस्थी ह्यांच्याकडे पाठवल्या आणि कार्पेंटरांनी त्या न्यूयॉर्क राज्यात पोकिप्सीच्या दफनभूमीत आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. मी जाऊन आलोय. साधा दगड आहे, त्यावर नाव, एम.डी., 1865-1887 आणि शिक्षणासाठी भारत सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री असं इंग्रजीत. शेजारीपाजारी सगळे कार्पेंटर. मधेच एक जोशी.

कल्याण_स्लो

बाळूशेठ हे माहीतच नव्हतं. बरं पण गोपाळराव कुठे बसवायचे नाटकात, त्यांना काढलं तर लोक बोलतील आणि ठेवलं तर तेच सगळं फुटेज खातील

जुनीपुराणी

गोपाळराव पदवीदानाला हजर होते, एका खुर्चीवर बसवा आणि संवाद देऊ नका 😂 सिनेमा-कादंबऱ्यांत त्यांना भरपूर मिळालेत.

@ओपीडीतून रमाबाईंचं अगदी पटलं. त्यात अजून एक, बॉडलीबाई. आनंदीबाईंना कॉलेजात घेतलं, शिष्यवृत्ती दिली, फिलाडेल्फियातली राहायची जागा धुराने भरायची तर आपल्या घरी नेलं. आणि पुढे 1887 मधे रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं त्याची प्रस्तावना ह्याच बॉडलींची. म्हणजे आनंदीबाईंच्या निमित्ताने भेटलेल्या दोघी त्यांच्या माघारी एकत्र काम करत होत्या. रमाबाई आल्या होत्या समारंभापुरत्या, राहिल्या जवळजवळ तीन वर्षं, भाषणं दिली, पैसे उभे केले आणि 1889 ला मुंबईत येऊन विधवांसाठी शारदा सदन ही शाळा काढली. ते नाटकात नाही बसणार, वेळ किती मिळालाय?

चकलीचं_पीठ

बारा मिनिटं! आणि त्यात स्वागतगीत.

बाईंना फोनवर सगळं वाचून दाखवलं. आधी म्हणाल्या पोशाख भाड्याने सांगून झालेत, किमोनोचे पैसे दिलेत, आता काय करू. मग ठरलंय ते असं की फोटोचा सीन पहिला ठेवायचा, ऑक्टोबर 85, डीनबाई तिघींना बसवतात, फोटोवाला हलू नका म्हणतो. त्यानंतर किमोनोवाली आणि सीरियावाली प्रेक्षकात जाऊन बसणार कारण त्यांचं शिक्षण व्हायचंय अजून. आणि डिग्रीला रमाबाई येणार मनोरमेचा हात धरून. मनोरमा माझी धाकटी करणारे, फुकट मिळाली बाईंना. कार्पेंटर मावशी कोण ते अजून ठरत नाहीये, दाताच्या डॉक्टरचा सीन मात्र सगळ्या पोरींना हवाय.

@न्यूजर्सीचा_बाळू दगडाचा फोटो असेल तर टाका ना इथे, मागच्या पडद्यावर दाखवायचाय.

न्यूजर्सीचा_बाळू

फोटो जुन्या फोनमधे आहे, शनिवारी काढून टाकतो. आणि मावशीला काळा झगा चालेल, पण अमेरिकन अ‍ॅक्सेंट नको सांगा पोरींना, दहा वर्षांनी व्हिडिओ बघून लाजतील.