ला क्रेसेंट वाईन एवढी आंबट का? आणि परसात वेल लावावा का?

गारठलेली_पुणेकर:
नमस्कार मंडळी, मिनियापोलिसजवळ राहतो आम्ही. परवा एका वायनरीतून ला क्रेसेंट नावाची व्हाईट वाईन आणली. वास एकदम भारी, जर्दाळू, अननस, पण घोट घेतला की आधी गोड आणि मागून दात आंबतील इतकी आंबट. ही अशीच असते की आमची बाटलीच बेकार निघाली? आणि नवऱ्याने आता डोक्यात घेतलंय की परसात दोन वेल लावायचे. इथे जानेवारीत उणे ३० होतं, जगतील का? सासरे नाशिकचे, ते म्हणतायत येताना या वेलाच्या काड्या घेऊन ये 😄

कार्बॉयवाला:
बाटली ठीक आहे हो, जातच तशी. मिनेसोटा युनिव्हर्सिटीने २००२ मध्ये आणलेला हायब्रीड आहे हा, त्याच्या घराण्यात इथलं जंगली रिपारिया द्राक्षही आहे आणि मस्कत नावाचं सुवासिक द्राक्षही. थंडी सोसायची ताकद रिपारियाकडून, पण त्याच्याबरोबर अ‍ॅसिडही येतं. साखर भरपूर चढते तरी आंबटपणा उतरत नाही, म्हणून वायनरीवाले थोडी साखर मागे ठेवतात, नाहीतर पिववणार नाही. बॅक्टेरिया घालून मॅलिक अ‍ॅसिड (द्राक्षातलं एक आंबट अ‍ॅसिड) कमी करता येतं, पण मग तो जर्दाळूचा वासच जातो, त्यात काय मजा. चांगली गार करा आणि झणझणीत रश्श्याबरोबर घेऊन बघा, बाटली कधी संपली कळणार नाही.

वेल जगेल. नीट रुजलेला असेल तर उणे ३५ सेल्सियसच्या आसपासही तग धरतो. खरी भीती मे महिन्यातल्या फ्रॉस्टची, कारण हा लवकर फुटतो आणि कोवळी फूट एका रात्रीत काळी पडते. शिवाय पिकले की मणी झडतात, घड हातात घेतला की निम्मे खाली, त्यामुळे तोडणीला आळस नको. पक्ष्यांसाठी जाळी आधीच आणून ठेवा.

निफाडचा_बागायतदार:
ताई, सासऱ्यांना सांगा काड्यांचा नाद सोडा. एक तर रोपांच्या क्वारंटाइनच्या परवान्याशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावरच काढून घेतील. आणि आणून करणार काय, आमच्याकडे वेल झोपतच नाही, एप्रिलला नव्या काडीसाठी खरड छाटणी, ऑक्टोबरला फळासाठी गोड छाटणी, थंडी सोसणाऱ्या जातीचा उपयोग काय? पावसात डावणीने (पानांवरच्या बुरशीच्या रोगाने) पानं जातील ते वेगळंच. वाईनला इकडे शेनिन आणि सॉव्हिन्यॉं ब्लांक या जाती बऱ्या चालतात.

कार्बॉयवाला:
डावणीचं बरोबर, ला क्रेसेंटची पानं इथेही तिला बळी पडतात, फवारणी चुकवून चालत नाही. फवारणीचा कंटाळा असेल तर इटास्का नावाचा वेल बघा, त्याच युनिव्हर्सिटीचा, २०१७ चा. अ‍ॅसिड बरंच कमी, डावणी आणि भुरी (पांढऱ्या बुरशीचा रोग) यांनाही जास्त दाद देत नाही, ड्राय वाईन होते. वास मात्र ला क्रेसेंटसारखा नाही.

गारठलेली_पुणेकर:
मग एक एक लावतो दोन्ही. फवारणी नवऱ्याकडे, जाळी पण त्यानेच आणायची.