आर्गॉन पोटॅशियमपेक्षा जड, तरी आवर्तसारणीत आधी का?

सारणीवाचक
आर्गॉनचा अणुअंक १८, अणुवस्तुमान ३९.९५. पोटॅशियमचा अणुअंक १९, अणुवस्तुमान मात्र ३९.१०. एक प्रोटॉन वाढूनही वस्तुमान घटलं कसं? शिवाय समस्थानिकांच्या, म्हणजे प्रोटॉन तेवढेच पण न्यूट्रॉन कमी-जास्त असलेल्या अणूंच्या, टक्केवारीवरून (पोटॅशियम-३९ ९३.२६, पोटॅशियम-४१ ६.७३) सरासरी काढली तर ३९.१३ येते. गणितात काय चुकतंय?

केंद्रक
आधी गणित. तुम्ही ३९ आणि ४१ हे अणुवस्तुमानांक घेतलेत, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनची नुसती मोजदाद. प्रत्यक्ष वस्तुमानं आहेत ३८.९६४ आणि ४०.९६२. वस्तुमानाचं एकक कार्बन-१२ वरून ठरतं आणि पोटॅशियमचं केंद्रक त्याहून घट्ट बांधलेलं असतं, म्हणून ते पूर्णांकापेक्षा किंचित हलकं भरतं. हे आकडे घाला, उरलेलं ०.०१ टक्का पोटॅशियम-४० धरा, ३९.१० मिळेल.

आता क्रम. तो फक्त प्रोटॉन ठरवतात. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मोस्लीने १९१३ साली क्ष-किरणांच्या वारंवारितेवरून हे दाखवलं. आर्गॉन-४० मध्ये १८ प्रोटॉन, २२ न्यूट्रॉन. पोटॅशियम-३९ मध्ये १९ आणि २०. प्रोटॉन एक जास्त, न्यूट्रॉन दोन कमी.

काळा_कातळ
पृथ्वीवरचा आर्गॉन इतका जड का, हे यातलं सगळ्यात सुंदर आहे. सूर्यात आर्गॉन-३६ चं प्राबल्य आहे. आपल्या हवेतला ९९.६ टक्के आर्गॉन मात्र आर्गॉन-४०, आणि तो जवळजवळ सगळा खडकांतल्या पोटॅशियम-४० पासून तयार झाला. पोटॅशियम-४० चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मी केंद्रकं बदलायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षं. शंभरातली साधारण ८९ केंद्रकं न्यूट्रॉनचा प्रोटॉन करून कॅल्शियम-४० होतात. उरलेली ११ इलेक्ट्रॉन ओढून घेतात, प्रोटॉनचा न्यूट्रॉन होतो आणि आर्गॉन-४० बनतो. कणांची बेरीज प्रत्येक वेळी ४०च, मूलद्रव्यं तीन.

सारणीवाचक
यावरूनच खडकाचं वय काढतात ना? मग लाव्हात आधीपासून असलेला आर्गॉन मोजणीत येत नाही का?

काळा_कातळ
आर्गॉन कशाशी बंध करत नाही, त्यामुळे वितळलेल्या लाव्हातून बहुतेक निसटतो. थिजल्यावर घड्याळ शून्यापासून सुरू होतं. नमुन्यात शिरलेली हवा आर्गॉन-३६ मुळे पकडता येते: हवेत त्याच्या २९८.६ पट आर्गॉन-४० असतो, तेवढा वजा करायचा.

दख्खनच्या बेसाल्टात (सुमारे ६.६ कोटी वर्षं) दोन अडचणी. पोटॅशियम मुळातच कमी, आणि झिजलेल्या दगडातून आर्गॉन गळतो, मग वय कमी येतं. तांबूस, भुसभुशीत झालेला भाग घेऊच नका. आतला ताजा, घट्ट काळा गाभा फोडून घ्या.

जुन्या पद्धतीत पोटॅशियम एका तुकड्यात आणि आर्गॉन दुसऱ्यात मोजत. दोन तुकडे सारखे नसले की उत्तर बिघडे. आता नमुना अणुभट्टीत ठेवतात. पोटॅशियम-३९ न्यूट्रॉन घेतं, प्रोटॉन सोडतं आणि आर्गॉन-३९ होतं. मग तापवून बाहेर काढलेल्या एकाच वायूत आर्गॉन-४० आणि पोटॅशियमचा अंदाज देणारा आर्गॉन-३९, दोन्ही मोजता येतात.