यूके: टॉट मास्टर्स, एमरेस, एमफिल, पीएचडी... नक्की फरक काय? (लग्न झालेलं आहे, ते पण गणितात धरा)

वाईकर_९६
नमस्कार मंडळी. पुण्यातून मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलीय, गेली दोन वर्षं एका औषध कंपनीत क्यूसीला (औषधांची गुणवत्ता तपासणी) आहे. शिफ्टला कंटाळलोय, रिसर्चमध्ये जायचंय. एका कन्सल्टन्सीत गेलो तर त्यांनी पंधरा मिनिटांत तीन युनिव्हर्सिट्यांच्या एमएस्सीचे फॉर्म पुढे ठेवले. मी म्हटलं अहो एमएस्सी झालीय माझी, तर म्हणे तिकडची वेगळी असते सर. घरी येऊन साइट बघितल्या तर कुठे टॉट लिहिलंय कुठे रिसर्च, एमएस्सी, एमरेस, एमफिल, पीजीडिप, डोकंच चालेना. टॉट म्हणजे शिकवलेली हे कळलं, पण मग दुसरी न शिकवलेली असते का? बायकोलाही सोबत न्यायचंय. कुणी गेलेलं असेल तर नीट सांगा.

पावसाळी_ताई
मी इंग्लंडमध्ये पीएचडीच्या तिसऱ्या वर्षाला आहे, सांगते. हो, दुसरी खरंच न शिकवलेलीच असते. 😄

टॉट म्हणजे आपल्याकडच्या एमएस्सीसारखंच, लेक्चर, असाइनमेंट, परीक्षा आणि शेवटी उन्हाळ्यात डेझर्टेशन, फक्त सगळं एका वर्षात कोंबलेलं. एकूण १८० क्रेडिट, त्यातले साधारण १२० मॉड्यूलचे आणि ६० डेझर्टेशनचे. ६० क्रेडिटवर थांबलात तर पीजीसर्ट (पोस्टग्रॅज्युएट सर्टिफिकेट), १२० वर पीजीडिप (डिप्लोमा). पास ५० ला, ७० च्या वर डिस्टिंक्शन, आणि आपल्यासारखे ८५-९० मार्क इथे पडत नाहीत त्यामुळे पहिल्या असाइनमेंटला ६२ आले की घरी फोन करून रडू नका, ते चांगले असतात.

एमरेस (मास्टर ऑफ रिसर्च) हे पण बहुधा वर्षाचंच, पण त्यात प्रोजेक्टचा वाटा मोठा, मॉड्यूल नावापुरते. एमफिल म्हणजे क्लासच नाही, एक गाईड (इथे सुपरवायझर म्हणतात), एक विषय, दोनेक वर्षं, थीसिस आणि व्हायवा (तोंडी परीक्षा). पीएचडी तेच पण तीन ते चार वर्षं. आणि एक गोष्ट कन्सल्टन्सीवाले सांगत नाहीत, बऱ्याच ठिकाणी पीएचडीला घेतलं तरी पहिलं वर्ष प्रोबेशनच असतं, वर्षअखेरीला रिपोर्ट आणि छोटी व्हायवा होते, त्यातून पुढे सरकलात तर पीएचडी नाहीतर एमफिल घेऊन बाहेर. माझ्या त्या व्हायवाच्या आदल्या रात्री मी डबाभर चिवडा संपवला होता.

तुमची एमएस्सी झालेली आहे, दोन वर्षं लॅबमध्ये हात चाललाय, मग परत पैसे भरून एमएस्सी कशाला? थेट पीएचडीला अर्ज करा.

दगडूशेठ_फॅन
ताईंचं बरोबर आहे पण टॉटला एवढं पण हलक्यात घेऊ नका. मी इंजिनिअरिंगनंतर टॉट एमएस्सी केली, मला रिसर्च करायचाच नव्हता, विषय बदलायचा होता आणि नोकरी बघायची होती, त्यासाठी टॉटच बरी कारण दर आठवड्याला कुणीतरी काहीतरी मागत असतं म्हणून आपण अभ्यास करतो, आमचा एक रूममेट एमरेसला होता त्याला महिना महिना कुणी विचारायचं नाही, पोरगं फेब्रुवारीपर्यंत नुसतं पेपर डाउनलोड करत बसलं होतं.
आणि नोकरीसाठी राहायचं असेल तर हे बघा, टॉट असो की एमरेस, मास्टर्सनंतर ग्रॅज्युएट रूटवर (शिकून झाल्यावर तिथे राहून नोकरी करायचा व्हिसा) आत्ता २ वर्षं मिळतात, पण १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज करतील त्यांना १८ महिनेच. पीएचडीवाल्यांचे ३ वर्षं तसेच आहेत.

क्षयज्ञ
बायकोचा मुद्दा कुणी घेतलाच नाही. जानेवारी २०२४ पासून टॉट मास्टर्सच्या व्हिसावर नवरा, बायको, पोरं कुणालाच नेता येत नाही. पीएचडी किंवा रिसर्च-बेस्ड डिग्री असेल, नाहीतर सरकारी स्कॉलरशिपवर असाल, तरच. रिसर्च-बेस्ड म्हणजे ज्यात संशोधनाचा भाग शिकवण्याच्या भागापेक्षा मोठा आहे. एमरेस नाव आहे म्हणून गृहीत धरू नका, युनिव्हर्सिटीला मेल करून लेखी विचारा. आणि हेल्थ सरचार्ज (तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसासोबत भरायचे पैसे) विद्यार्थ्याला वर्षाला ७७६ पौंड आहे, बायकोचा वेगळा भरावा लागतो.
अजून एक, एटीएएस. काही विज्ञान विषयांत आपल्याला व्हिसाच्या आधी ब्रिटिश सरकारचं हे सुरक्षा क्लिअरन्स लागतं. फुकट आहे पण आठवडे जातात. तुमचा विषय जंतूंचा, त्यामुळे आधीच चौकशी करा.

निवृत्त_मास्तर
थोडी भर घालतो. नावावर जाऊ नका हे सगळ्यात महत्त्वाचं. ऑक्सफर्डचं एमफिल हे बऱ्याच विषयांत दोन वर्षांचं शिकवलेलं कोर्सवर्कच असतं, आणि तिथे पीएचडीला डीफिल म्हणतात. स्कॉटलंडमध्ये एडिनबर्ग, सेंट अँड्र्यूज इथलं एमए हे चक्क चार वर्षांचं पदवीचं शिक्षण आहे. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये तर बीए झालेल्याला काही वर्षांनी परीक्षा न देता एमए मिळतं! आमच्या स्टाफरूममध्ये यावरून एकदा चहा गार होईपर्यंत वाद झाला होता.

आपल्याकडे एमफिल आता राहिलेलंच नाही, यूजीसीने नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत बंद केलं. पण तिकडे ते चालू आहे म्हणून गोंधळ होतो. जुन्या काळी लंडनची एमएस्सीसुद्धा प्रबंधावर मिळायची. बाबासाहेबांनी १९२१ ला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधून एमएस्सी घेतली ती ब्रिटिश हिंदुस्थानातल्या सरकारी वित्ताच्या प्रांतिक विकेंद्रीकरणावर प्रबंध लिहून, आणि १९२३ ला डीएस्सी (डॉक्टरेट) रुपयाच्या प्रश्नावर. म्हणजे त्यांच्या एमएस्सीला आजच्या भाषेत रिसर्च डिग्रीच म्हणावं लागेल.
परत येऊन इथे प्राध्यापकी करायची असेल तर एक वर्षाच्या मास्टर्सला मान्यता आहे का हा प्रश्न पूर्वी फार छळायचा, २०२२ मध्ये भारत-ब्रिटन करार झाला तेव्हापासून ती अडचण कमी झालीय.

वाईकर_९६
बापरे, एवढं कुणी सांगितलंच नव्हतं. पण ताई, पीएचडीची फी कोण भरणार? आणि इथल्यासारखी पेट-नेट काही परीक्षा असते का?

पावसाळी_ताई
परीक्षा नाही. पीएचडीच्या जागा जवळपास नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात, विषय, सुपरवायझर, फंडिंग सगळं लिहिलेलं. सायन्सला हाच रस्ता सोपा. आर्ट्सवाल्यांना स्वतःचं प्रपोजल लिहून गाईड शोधावा लागतो. अर्जाच्या तारखा बहुतेक नोव्हेंबर ते जानेवारी, जॉइनिंग पुढच्या ऑक्टोबरला.

यूकेआरआयची (संशोधनाला पैसे देणारी तिथली सरकारी संस्था) फेलोशिप मिळाली तर फी भागते आणि वर स्टायपेंड, २०२५-२६ ला किमान २०,७८० पौंड. बाहेरच्या देशातली पोरं जास्तीत जास्त ३० टक्के घेता येतात म्हणून चुरस असते. जाहिरातीत "होम फी" (तिथल्या स्थानिक विद्यार्थ्यांची कमी फी) एवढंच भरू असं लिहिलं असेल तर थांबा, परदेशी विद्यार्थ्याची उरलेली फी मग कधी कधी आपल्या गळ्यात येते. माझ्या ओळखीची एक मुलगी ऑफर आल्यावर पेढे वाटून बसली आणि मग तो आकडा बघितला.

आणि टॉटला तुम्ही कोर्स निवडता, इथे माणूस निवडता. त्या लॅबमधल्या आत्ताच्या पोरांना मेल टाका, सर मेलला उत्तर देतात का, मीटिंग किती दिवसांनी होते, मागची बॅच वेळेत संपली का. गाईड चुकला तर युनिव्हर्सिटीचं नाव काही कामाचं नाही, हे मी सोसून सांगतेय, माझा पहिला गाईड बदलावा लागला आणि आठ महिने गेले.

वाईकर_९६
कन्सल्टन्सीला फोन करून नको सांगतो उद्या. दोन लॅब सापडल्यात, दोन्ही बायोफिल्मवर (जंतूंचे चिकट थर) काम करणाऱ्या. मेल लिहिलाय, इथे टाकला तर कुणी बघून देईल का?

क्षयज्ञ
टाका. फक्त सुरुवात "रिस्पेक्टेड सर, आय ॲम व्हेरी हार्डवर्किंग" अशी असेल तर ती ओळ आधीच उडवा. त्यांचा एक पेपर वाचून त्यातलं काय खटकलं किंवा आवडलं ते लिहा, आणि क्यूसीमधलं तुम्ही स्वतः हाताने काय करता ते.

वाईकर_९६
...तीच ओळ आहे. उडवतो.