कंपनीचा राग आणि मजुराचा दर: आपली मते घरातूनच येतात का?

पऱ्हाटी (यवतमाळ जिल्हा):
आमची पंधरा एकर कोरडवाहू शेती आहे. बीटी कापसाला, म्हणजे जनुकीय बदल केलेल्या कापसाला, 2002 मध्ये परवानगी मिळाल्यानंतर बियाण्याच्या 450 ग्रॅमच्या पाकिटाला सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. आंध्र प्रदेश सरकारने मक्तेदारी आयोगाकडे दाद मागितली, तेव्हा कुठे 2006 मध्ये ती किंमत 750 रुपयांवर आली. त्यामुळे सरकारने कंपन्यांना वेसण घालावी, हे मला कोणी शिकवावे लागले नाही. पण याच घरात, रोजगार हमीमुळे मजूर मिळेनासे झाले, ही तक्रारही मी तितक्याच सहजतेने ऐकली. आमच्याकडे वेचणीला येणाऱ्या मावशींची मुलगी माझी वर्गमैत्रीण आहे. तिला नागपूरजवळच्या बुटीबोरीतल्या कारखान्यात नोकरी हवी आहे, कारण तिथे ठरल्या तारखेला पगार होतो. मी शोषणाविषयी बोलू लागले आणि ती गप्प झाली. माझे काय चुकले?

सालदाराचा मुलगा:
ताई, माझे वडील सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर मालकाकडे राबणारे गडी होते. पाडव्याला साल ठरायचे आणि एकदा उचल घेतली, की वर्षभर दुसरीकडे पाय ठेवता येत नसे. आमच्यासाठी सत्ता मालकाच्या ओसरीवर होती. कंपनी म्हणजे केवळ औषधाच्या डब्यावरचे नाव. म्हणून ठरल्या तारखेचा पगार आम्हाला सुटकेसारखा वाटतो, आणि त्याला अज्ञान म्हणू नये. मात्र 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली, तेव्हा हा हिशेब मला अपुरा वाटू लागला. औषध कंपनीचे, सल्ला दुकानदाराचा, वावर मालकाचे, आणि पंप बहुतेक वेळा मजुराच्या पाठीवर. कंपनीला जाब विचारताना मालकाला, किंवा मालकाला विचारताना कंपनीला, मी सोडू शकत नाही.

निवृत्त शिक्षक, अमरावती:
जन्मावरून मत ठरते, हे मला पूर्णपणे मान्य नाही. 1972 पासूनच्या एकाधिकार कापूस खरेदीला, म्हणजे सगळा कापूस सरकारनेच विकत घेण्याच्या योजनेला, आधार मानणारे आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेबरोबर खुल्या बाजाराची मागणी करणारे, दोघेही एकाच बांधावरचे कास्तकार होते. घरातून येते ते बहुधा इतकेच, की आपण कोणाला मोजायचे विसरतो. 2008 च्या कर्जमाफीत पूर्ण माफीसाठी दोन हेक्टरांची मर्यादा होती आणि विदर्भातील अनेक कोरडवाहू शेतकरी तिच्याबाहेर राहिले. त्या अन्यायाबद्दल मी स्वतः पोटतिडकीने बोललो आहे. भूमिहीन मजूर, ज्याचे कर्ज बँकेचे नव्हे तर सावकाराचे किंवा मालकाचे असते, तो त्या योजनेत कुठेच नव्हता. हे माझ्या एका विद्यार्थ्याने दाखवून देईपर्यंत माझ्या ध्यानातही आले नव्हते.

पऱ्हाटी:
आपणा दोघांचीही मी आभारी आहे. वेचणीचा किलोमागचा दर कोण ठरवतो, असे मी काल बाबांना विचारले. हंगामाआधी गावातले पाच-सहा मोठे कास्तकार बसून ठरवतात आणि त्याहून जास्त कोणी द्यायचे नाही, असे ते म्हणाले. बियाण्याच्या कंपन्यांनी असे केले, तर त्याला आपण मक्तेदारी म्हणतो, हे मी बोलून दाखवले. बाबांना ते लागले. जेवताना मात्र त्यांनी स्वतःहून विचारले, की यंदा मावशी किती दर मागत आहेत.