‘मनू’ ही हाक ठरली आहे. पाळण्यातले नाव कोणते ठेवावे?

रानजाई:
आमच्या कन्येचे बारसे येत्या रविवारी आहे. माझ्या आजेसासूबाईंचे नाव मनकर्णाबाई. माहेरी त्यांना मनू म्हणत. त्यांच्या आठवणीने सासूबाई बाळाला पहिल्या दिवसापासून मनूच म्हणतात आणि आता ती हाक साऱ्या घराच्या तोंडी बसली आहे. अडले आहे ते कागदोपत्री नावापाशी. नणंदबाईंना ‘मनस्वी’ हवे आहे, यजमानांना ‘मानसी’, आणि मला दोन्ही फार ऐकलेली वाटतात. नक्षत्र मघा असल्यामुळे मा, मी, मू, मे यांपैकी आद्याक्षर निघते, परंतु त्याचा आग्रह नाही. आडनाव जोडाक्षरांचे आहे, एवढे ध्यानात घेऊन सुचवावे.

ओवी:
मनकर्णा हे मणिकर्णिकेचेच बोलीतले रूप आहे. झाशीच्या राणी लक्ष्मीबाईंचे माहेरचे नाव मणिकर्णिका आणि लाडाचे मनू. १८४२ मध्ये गंगाधररावांशी विवाह झाल्यावर त्या लक्ष्मीबाई झाल्या. म्हणजे आपल्याला हवी असलेली जोडी आयतीच आहे, शिवाय पणजीचे नाव पणतीकडे येते. मात्र जोडाक्षरी आडनावापुढे ते जड होईल, म्हणून मी ‘मनोरमा’ सुचवेन. पंडिता रमाबाईंच्या, १८८१ मध्ये जन्मलेल्या कन्येचे हे नाव हल्ली वर्गात क्वचितच ऐकू येते, त्यात एकही जोडाक्षर नाही, आणि मुलीला पुढे ‘मनू’ बालिश वाटू लागले तर ‘रमा’ हाताशी आहेच.

पारावरचा:
मणिकर्णिका हा काशीचा स्मशानघाटही असल्याने एखादे वडीलधारे नाक मुरडतील, पण आजेसासूबाई ते नाव आयुष्यभर मिरवून गेल्या असताना त्यात अशुभ कसले? माझा मुद्दा निराळा आहे. हाक आणि नाव यांची अक्षरे जुळलीच पाहिजेत, हा हट्ट कशासाठी? कित्येक घरांतल्या बेबी आणि ठमी शाळेच्या दाखल्यावर सुमती किंवा शकुंतला होत्या आणि कोणाचेच काही अडले नाही. ‘मनू’ हेच नाव ठेवायलाही हरकत नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत दोन कांस्यपदके मिळवणाऱ्या मनू भाकर यांनी ते घराघरांत पोहोचवले आहे. अर्थात मग लाडासाठी वेगळी हाक शोधावी लागेल.

शाईपेन:
रविवारपर्यंत एकमत झाले नाही तरी घाबरू नये. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, परंतु नावाचा रकाना तेव्हा मोकळा ठेवता येतो आणि नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पारपत्रापर्यंत हाच दाखला लागणार असल्याने, घाईने लिहून पुढे बदलत बसण्यापेक्षा थांबलेले बरे. रोमन लिपीतले स्पेलिंगही आताच ठरवावे. ‘मनोज्ञा’सारख्या नावात प्रत्येक कार्यालय ‘ज्ञ’ आपापल्या परीने लिहिते.

रानजाई:
सर्वांचे आभार. सासूबाईंना ‘मनोरमा’ ऐकताक्षणीच आवडले आणि नणंदबाईंनीही आत्याच्या मानाने बाळाच्या कानात तेच सांगायचे कबूल केले आहे. यजमान अजून ‘मानसी’वर अडून आहेत, त्यामुळे दाखल्यावरचा रकाना तूर्त मोकळाच ठेवत आहोत.