पोलिओचे थेंब आणि 'मिक्स झालेला' व्हायरस, खरं काय?

सातपूरकर: रविवारी बूथ आहे, आशाताई सांगून गेल्या. तेवढ्यात सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलं की थेंबातला व्हायरस पोटात दुसऱ्या व्हायरसशी मिक्स होऊन नवीन डेंजर पोलिओ बनतो. बायको म्हणतेय पाजायचा की नाही ते आधी नीट विचार. पोरगी दीड वर्षाची, इंजेक्शनं वेळच्या वेळी झालीत.

पंचवटी_मायक्रो: दादा, मिक्स होतो हे खरंय पण पुढचं सांगत नाहीत. थेंबात सेबिन नावाच्या शास्त्रज्ञाने बनवलेला जिवंत पण कमजोर केलेला पोलिओ व्हायरस असतो, एकाच पेशीत तो आणि त्याचा भाऊबंद, म्हणजे कॉक्सॅकी-ए मधला एखादा, दोघं एकदम घुसले तर व्हायरसच्या आरएनएची, म्हणजे त्याच्या आतल्या नकाशाची, कॉपी काढणारं एन्झाइम मधेच एकावरून दुसऱ्यावर उडी मारतं, मग बॉडी पोलिओची आणि इंजिन दुसऱ्या गाडीचं. पण बॉडी म्हणजे कवच पोलिओचंच राहतं ना, म्हणून लस घेतलेल्या पोराच्या अँटिबॉडीज त्याला ओळखतात!!
आणि कमजोर व्हायरसला लुळं करायची ताकद परत येते ती मुख्यतः म्युटेशनने, म्हणजे कॉपी काढताना होणाऱ्या बारीक बदलांनी. पोलिओ व्हायरसचे टाइप १, २, ३ असे तीन प्रकार, त्यातल्या थेंबातल्या टाइप २ ची कमजोरी आरएनएतल्या मुख्यतः दोनच जागांवर उभी, त्यातली ४८१ नंबरची तर पोटात गेल्यावर लवकरच पलटते. मिक्सिंगमुळे व्हायरसला पसरायला मदत होत असेलही, पण मला विचाराल तर तो जास्त करून पुरावा आहे, की हा लस कमी घेतलेल्या वस्तीत पोरापोरांतून बरेच महिने फिरलाय. हैती-डोमिनिकन रिपब्लिकमधली २०००-०१ ची टाइप १ ची साथ अशीच, तिथं लसीकरण ढेपाळलं होतं.

गंगापूररोड: टाइप २ चे थेंब तर बंद झालेत ना?

पंचवटी_मायक्रो: हो, आपल्याकडे एप्रिल २०१६ पासून थेंबात फक्त १ आणि ३. बाहेरच्या देशांत टाइप २ ची साथ आली तर २०२१ पासून नवा थेंब वापरतात, त्यात मिक्सिंग अवघड व्हावं म्हणून जीनोमचा, म्हणजे त्या आरएनएचा, एक तुकडा हलवलाय, एन्झाइमही बदललंय. तरी २०२३ मध्ये काँगो-बुरुंडीत त्या नव्या थेंबातूनही बदलून पसरलेला व्हायरस सापडलाच, व्हायरस लय चिवट.

सातपूरकर: मग इंजेक्शन झालंय तरी थेंब पाजू?

पंचवटी_मायक्रो: पाजाच. इंजेक्शन लुळेपणा टाळतं, पण आतड्यात व्हायरस वाढणं फारसं थांबवत नाही, ते काम थेंबांचं.